स्केच जिवंत असतं, मग पेंटिंगमध्ये जीव का राहत नाही?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना जाऊन तुम्ही छोट्या वहीत पेननं भराभर स्केचेस करता, हमाल, पोती, वजनकाटा, घोळका करून उभे असलेले व्यापारी, आणि ती स्केचेस सगळ्यांना आवडतात, पण तेच घरी येऊन २४ बाय ३६ इंचाच्या कॅनव्हासवर घेतलं की सगळं ताठ आणि निर्जीव होतं, मग फोटो बघून दुरुस्ती करायला जाता आणि अजूनच बिघडतं. हात कमी पडतोय का असं विचारलंय.

हात कमी पडत नाहीये. हात कमी असता तर स्केच पण जमलं नसतं ना. तुम्ही स्केचवरून डायरेक्ट कॅनव्हासवर उडी मारताय, मधली तीन-चार कामं गाळून, एवढंच आहे. मी वाईत राहतो, कृष्णेच्या घाटांवर आणि मेणवलीला बसून काम करण्यात आयुष्य गेलंय आणि क्लासही घेतो, शिकायला येणाऱ्या प्रत्येकाची गाडी याच ठिकाणी अडकते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्केच जिवंत का वाटतं ते बघा. पाच मिनिटांत तुम्ही तिथलं नव्वद टक्के सोडून दिलेलं असतं. हमालाच्या पाठीचा बाक, मानेवर टेकलेलं पोतं आणि पुढं टाकलेला पाय, एवढंच काढलंत, बाकीचं बघणारा स्वतःच्या मनानं भरतो. कॅनव्हासवर गेल्यावर काय होतं, मोकळी जागा दिसायला लागते आणि ती भरायची घाई होते, मग मागची भिंत, पत्रा, खांब, प्रत्येक पोत्याची शिवण, सगळं सारख्याच मनानं रंगवलं जातं. आणि ती माहिती स्केचमध्ये नसतेच, म्हणून माणूस फोटो उघडतो, आणि फोटो उघडला की चित्र फोटोचं होतं, तुमचं राहत नाही. नुसतं स्केच मोठं करणं म्हणजे पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतल्यासारखं आहे, भांडं भरतं पण चव जाते.

म्हणून पहिलं काम पेन्सिलचं नाहीच. स्केच झालं की तिथंच, यार्डातून बाहेर पडायच्या आधी, स्केचखाली एक ओळ लिहायची की मी इथं थांबले कशासाठी. "हमाल" असं लिहून चालत नाही. "दारातून आलेला उजेड फक्त खांद्यावर आणि पोत्यावर पडलाय, मागं सगळा अंधार" असं लिहिलं तर उपयोग. पुढं महिनाभर ते चित्र चालू राहिलं तरी प्रत्येक निर्णय त्या एका ओळीला विचारून घेता येतो. मागचा खांब घ्यायचा का? तो उजेडाला मदत करत असेल तर घ्या, नाहीतर सोडा. ही ओळ ज्यांना लिहिताच येत नाही त्यांचं स्केच छान असेल पण पेंटिंग व्हायला अजून तयार नाही असं मी स्पष्ट सांगतो.

त्या ओळीबरोबर अजून थोडी नोंद. उजेड कुठून येतोय त्याचा बाण, वेळ, आणि टोनचे आकडे. मी १ ते ५ वापरतो, १ म्हणजे पांढरा कागद आणि ५ म्हणजे सगळ्यात काळं, स्केचमध्येच त्या त्या जागी बारीक आकडे टाकून ठेवायचे. रंग शब्दात लिहायचे आणि आपल्या रोजच्या शब्दात लिहायचे, "शर्ट निळा" याच्यापेक्षा "शर्ट धुऊन धुऊन विटलेला, सावलीत जांभळट" हे चार महिन्यांनी वाचलं तरी डोळ्यासमोर येतं. मग पान उलटून सुट्या गोष्टींची स्केचेस, पोत्याचं उघडलेलं तोंड, पोतं धरणारी बोटं, डोक्याला बांधलेल्या टॉवेलची गाठ, वजनकाट्याचा पाया. मोठ्या चित्रात जिथं जवळून बघितलं जाणार आहे तिथली माहिती हीच पानं देतात, आणि ती तुमच्या हातानं शोधलेली असल्यामुळं फोटोतून घेतलेल्या माहितीसारखी उपरी वाटत नाही.

फोटो काढूच नका असं मी म्हणत नाही, काढा, पण स्केच झाल्यावर काढा. मोबाईलची नेहमीची लेन्स बऱ्यापैकी वाइड असते, जवळ उभं राहून काढलं की पुढचं पोतं अवाढव्य आणि मागचा माणूस बारका दिसतो, कडेची माणसं ताणली जातात. शिवाय हल्लीचे फोन सावल्या आपोआप उजळून देतात, म्हणजे तुम्ही ज्या अंधारासाठी थांबला होतात तोच फोटोत गायब. काट्याचा खटका नक्की कुठं असतो ते बघायला फोटो ठीक आहे. उजेड, रंग आणि मांडणी यासाठी तो उघडायचा नाही.

आता घरी आलात. कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवा, त्याची पाळी यायला वेळ आहे. काड्यापेटीएवढ्या चौकटी, म्हणजे थंबनेल, काढायच्या आणि त्यात तेच दृश्य वेगवेगळं मांडायचं, माणूस डावीकडं, माणूस पार कडेला कापलेला, पोती खाली अर्ध्या चित्रात, आडवं, उभं. एकेकाला मिनिट-दोन मिनिटं, खोडरबर नाही, चेहरे नाहीत, नुसते काळे-पांढरे आकार. पहिली मांडणी बहुतेक वेळा सवयीची असते, कंटाळा येईपर्यंत करत राहा, मग जरा वेगळं हाताला लागतं.

पण इथं एक गोष्ट लोक विसरतात आणि मग शेवटपर्यंत निस्तरत बसतात, ती म्हणजे मापाचं प्रमाण. तुमची वही ए-५ आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे १४.८ बाय २१ सेंटिमीटर, प्रमाण साधारण १ ला १.४१. २४ बाय ३६ चा कॅनव्हास १ ला १.५. १८ बाय २४ घेतला तर १ ला १.३३, आणि वॉटरकलरचा फुल इम्पिरियल कागद २२ बाय ३० म्हणजे १ ला १.३६. यातलं एकही तुमच्या वहीच्या पानाशी जुळत नाही! पान जसंच्या तसं ३६ इंच रुंद केलं तर उंची साडेपंचवीस इंचाच्या आसपास लागेल आणि तुमच्याकडं आहे २४, म्हणजे दीड इंच कुठंतरी कापलं जाणार, हमालाचं डोकं किंवा पाय. मग आपण नकळत माणूस दाबतो, आणि ज्या बाकामुळं स्केच जिवंत होतं तो बाकच जातो. तुमची निम्मी तक्रार इथं असू शकते, नीट तपासून बघा.

उपाय सोपा आहे. थंबनेलची चौकट काढायच्या आधीच ठरवायचं की शेवटचं माप कुठलं, आणि सगळ्या चौकटी त्याच प्रमाणात काढायच्या. जुनं स्केच वापरायचं असेल तर त्यावर २१ बाय १४ सेंटिमीटरची चौकट आखा, उंचीतलं ०.८ सेंटिमीटर वरून सोडायचं का खालून ते तुम्ही ठरवा, मग साडेतीन सेंटिमीटरचे घर धरून आडवी ६ आणि उभी ४ घरं बरोबर बसतात, आणि कॅनव्हासवर तीच घरं ६ इंचाची होतात.

नंतर टोन स्टडी. याला माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा आणि सगळ्यात कमी वेळ यालाच दिला जातो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त तीन टोन, पांढरा, मधला, काळा. डोळे किलकिले करून स्केचकडं बघायचं, आकडे वाचायचे आणि जे जे मिसळू शकतं ते मिसळून टाकायचं. मागचे व्यापारी, खांब आणि भिंत सगळे ४ आणि ५ मध्ये असतील तर त्यांची एकच गडद पट्टी करा, त्यात माणसं वेगळी दाखवायची गरज नाही. हे करताना जीव होत नाही, कारण खांब तुम्ही मेहनतीनं काढलेला असतो. पण तीन टोनमध्ये चित्र दोन मीटरवरून वाचता येत नसेल तर तीस रंगांत पण ते वाचता येणार नाही.

तुमच्या विषयात टोनचा अजून एक पेच आहे, तो म्हणजे पिवळा. पिवळा हा मुळातच फिका रंग, त्याचा सगळ्यात तेजस्वी पिवळेपणा उजळ टोनमध्येच असतो. त्याला गडद करायला काळा घातला की तो पिवळा राहतच नाही, शेवाळी हिरवा होतो, आणि हळदीचा ढीग शेवाळलेला दिसतो. लाल किंवा निळ्याचं तसं नसतं, ते गडद होऊनही लाल-निळेच राहतात. म्हणून हळदीच्या सावलीला यलो ऑकर, रॉ सिएना, त्याखाली बर्न्ट सिएना, आणि अगदी खोल जागी त्यात थोडा जांभळा, अशी उतरंड करा. शुद्ध झगझगीत पिवळा फक्त जिथं उजेड डायरेक्ट पडलाय तिथं, आणि तोही थोडाच. बाकी चित्र करडं-तपकिरी ठेवलंत तर तेवढ्यानंच सगळं यार्ड पिवळं वाटतं. हवेत जी हळदीची धूळ असते ती पिवळ्या रंगानं दाखवू नका, मागच्या गडद आकारांच्या कडा मऊ करा आणि तिथला टोन एक पायरी फिका करा, धूळ आपोआप दिसते. (काही जण हौसेनं खरी हळद कॅनव्हासवर चोळतात, कृपया करू नका, हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, काही दिवसांत विटायला लागतो. शिवाय चुन्यासारखं काही लागलं तर लाल होते, आपलं कुंकू तसंच तर बनतं.)

हा सगळा रंगाचा प्रयोग कॅनव्हासवर करायचा नसतो म्हणून चौथं काम, कलर स्टडी. वहीच्या पानाएवढा, ज्या माध्यमात शेवटचं चित्र आहे त्याच माध्यमात. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, वॉटरकलर वाळल्यावर फिकं होतं, म्हणून वॉटरकलरमधली स्टडी बघून अ‍ॅक्रिलिक करायला गेलं की अंदाज चुकतोच. कुठल्या दोन रंगांतून कुठला करडा आला ते कडेला लिहून ठेवा, कारण तोच करडा परत मोठ्या प्रमाणात बनवायचाय.

आता मोठ्या ड्रॉइंगकडं. रेषा मरते ती इथं, आणि त्याचं कारण शरीरात आहे. वहीत तुम्ही बोटांनी आणि मनगटानं काढता. हमालाच्या पाठीची रेष वहीत चार सेंटिमीटर आहे, एका झटक्यात आली. कॅनव्हासवर तीच रेष साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास होते, आणि ती तुम्ही खुर्चीवर बसून, मनगट टेकवून, तुकड्या-तुकड्यानं काढताय, मग ती ताठ होणारच. उभं राहा, कॅनव्हास उभा ठेवा, हात खांद्यापासून हलवा, कोळसा लांब धरा. आधी रद्दीच्या मोठ्या कागदावर तीच एक रेष परत परत काढा, मूळ स्केचचा वेग हातात येईपर्यंत. ब्रशचं पण तसंच, वहीतलं सगळंच कॅनव्हासवर चौपटीहून मोठं होतं, मग ४ नंबरचा बारीक राउंड घेऊन कसं चालेल, चांगला एक-दीड इंचाचा चपटा फ्लॅट घ्या, बारीक ब्रश शेवटच्या दिवशीपर्यंत डब्यातच राहू दे.

घरं पाडून उतरवताना प्रत्येक घर भरत बसू नका, फक्त मुख्य रेषा घरांच्या कडा जिथं ओलांडतात ते बिंदू मांडा आणि बिंदूंमधून रेष एका दमात ओढा. वॉटरकलरसाठी कागदावर उतरवायचं असेल तर ऑफिसचा कार्बन वापरू नका, तो पुसला जात नाही आणि त्याच्या मेणकट रेषेवर पाणी थांबत नाही, ट्रेसिंगच्या मागं ६बी पेन्सिल घासून तोच कार्बन म्हणून वापरा. ही मधली मोठी पायरी काही नवशिक्यांसाठी नाही. राफाएलनं 'स्कूल ऑफ अथेन्स' या भित्तिचित्रासाठी केलेलं पूर्ण मापाचं कागदावरचं ड्रॉइंग आजही मिलानच्या अँब्रोझियाना संग्रहालयात आहे. इंग्लंडचा चित्रकार कॉन्स्टेबल तर त्याच्या सहा फुटी निसर्गचित्रांसाठी आधी त्याच मापाचं एक पूर्ण ऑइल स्केच करायचा! त्याचं १८२१ चं 'द हे वेन' लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच मापाचं स्केच त्याच शहरात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. दोन्ही नेटवर शेजारी-शेजारी ठेवून बघा. स्केचमध्ये ब्रश मोकाट आहे, पेंटिंगमध्ये तोच उजेड शांत, बसवलेला आहे. आजच्या बऱ्याच लोकांना स्केचच जास्त आवडतं आणि त्यांचं म्हणणं मला समजतं, पण ते स्केच केल्याशिवाय त्याला कुठं किती आवरायचं हे कळलंच नसतं.

आणि इतकी तयारी केली म्हणजे कॅनव्हासवर काही बदलायचं नाही असं अजिबात नाही. पिकासोच्या 'गेर्निका'ची, १९३७ ची, कितीतरी पूर्वचित्रं आहेत, तरी फोटोग्राफर डोरा मार हिनं काम चालू असताना काढलेले फोटो बघितले तर मधेच वर उठलेली मूठ आलेली दिसते आणि नंतर गेलेली दिसते, बैलाचं अंग फिरलेलं दिसतं. तयारी असते म्हणूनच असे मोठे बदल करायची हिंमत होते, कारण मूळ कारण हरवत नाही.

रंगवायला बसल्यावर समोर काय ठेवायचं? स्केच, ती एक ओळ, टोन स्टडी आणि कलर स्टडी. मोबाईल दुसऱ्या खोलीत. ऑइल असेल तर आधी बर्न्ट अंबरचा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला हात देऊन तीन टोन मांडून घ्या आणि पुढच्या थरांत तेल वाढवत न्या, खालचा थर तेलकट आणि वरचा सुका झाला की पुढं भेगा पडतात. वॉटरकलरमध्ये उलटं, तिथं पांढरा कागदच उजेड असतो, म्हणून खांद्यावरचा उजेड सुरुवातीलाच ठरवून कोरा सोडावा लागतो, म्हणून वॉटरकलरवाल्यानं तर टोन स्टडी चुकवूच नये. आमच्याकडं वाई-महाबळेश्वरच्या पावसात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, तासभर ओलाच राहतो आणि ओल लागलेल्या कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारी खळ, बिघडून रंग डागासारखे शोषले जातात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये मी मोठं वॉटरकलर घेतच नाही, त्या दिवसांत स्टडी आणि ड्रॉइंग करतो. तुमच्या सांगलीत इतकं नाही, पण कृष्णेला पाणी वाढलं की कागदाची गठ्ठी वरच्या फळीवर हलवा.

सगळीकडं एकदम काम करा, एक कोपरा पूर्ण करून दुसऱ्याकडं जायचं नाही. आणि ठरवून काही जागा कमी कामाच्या ठेवा. हे पटत नसेल तर एक दिवस काढून औंधला जा, सातारा जिल्ह्यातच आहे, यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी जमवलेला संग्रह आहे, राजा रविवर्मा, धुरंधर, आणि हेन्री मूरचं छोटंसं दगडी शिल्पसुद्धा. रविवर्म्यांच्या चित्राजवळ जाऊन चेहऱ्यावर किती काम आहे आणि मागच्या अंधारात किती आहे ते नीट बघा. आपल्याला वाटतं की त्यांनी सगळं रंगवलंय, तसं नसतं, कुठं थांबायचं ते ठरलेलं असतं. तुमच्या चित्रात ते थांबणं मागच्या व्यापाऱ्यांपाशी हवं.

चित्र झालं का नाही हे कळायला माझ्याकडं एकच खात्रीची पद्धत आहे. कॅनव्हास आठवडाभर भिंतीकडं फिरवून ठेवायचा, मग सकाळी एकदम फिरवून आधी आरशात बघायचा, नंतर त्याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून टोन स्टडीशेजारी धरायचा. तीन टोन तसेच दिसत असतील आणि नजर आधी खांद्यावर जात असेल तर सही करा. नजर खांबावर जात असेल तर खांबावर अजून काम करू नका, खांबावरचं काम काढा, कापडानं पुसा नाहीतर त्यावर गडद रंगाचा पातळ पारदर्शक थर, म्हणजे ग्लेझ, फिरवा.

प्रत्येक स्केचचं पेंटिंग व्हायलाच पाहिजे असंही मनात धरू नका. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून छोटी छोटी निसर्गचित्रं करत राहिले, आणि त्या लहान चित्रांत जो उजेड आहे त्यासाठी आजही चित्रकार ती शोधून बघतात. तुमच्या वहीतली काही पानं तशीच पूर्ण आहेत, त्यांना माउंट लावा आणि सोडून द्या.

त्या हमालाच्या स्केचचं मात्र पेंटिंग करा, त्यात मोठं व्हायचा दम आहे. आत्ताच्या कॅनव्हासवर परत हात मारू नका, तो तसाच ठेवा, नवीन घ्या. सौदे चालू आहेत तोवर एकदा सकाळी लवकर यार्डात जा, पेन घरी ठेवून फक्त जाड ६बी किंवा कोळसा न्या म्हणजे बारीकसारीक काढताच येणार नाही, आणि त्या दारातला उजेड किती वाजता पोत्यांवरून सरकून जमिनीवर उतरतो तेवढं बघून या. तीन टोनची स्टडी झाली की इथंच टाका, मांडणीबद्दल पुढचं ती बघून बोलू.